सुई आणि गज : पुण्यातील शिवणकामाची परंपरा व कापड-व्यवसाय

कापड शिवणारा आणि कापड विकणारा हे आज दोन वेगळे व्यावसायिक मानले जातात. एकाच्या हाती सुई असते, दुसऱ्याच्या हाती गज. महाराष्ट्रात मात्र ही दोन्ही साधने दीर्घकाळ अनेक घरांत एकत्र नांदत आली. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम चालत आले आणि त्यातूनच पुढे कापडाचे दुकान उभे राहिले, हा क्रम पुण्यासारख्या शहरात नवलाचा नाही. या क्रमाचा अभ्यास केवळ इतिहासाच्या कुतूहलापुरता महत्त्वाचा नाही. शिवणयंत्र मिळूनही असंख्य स्त्रिया आयुष्यभर मजुरीवरच का राहतात आणि काही मोजकी घरेच व्यवसायाच्या पायरीवर का चढतात, या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या रोजच्या कामाशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे.

एकाच घरातील दोन व्यवसाय

संत नामदेव (१२७०-१३५०) हे शिंपी कुळातील. त्यांच्या वडिलांचे नाव दामाशेटी. नामदेवांच्या पारंपरिक चरित्रकथांत एक प्रसंग सर्वपरिचित आहे. वडिलांनी त्यांना कापड विकण्यासाठी बाजारात पाठविले. नामदेव भजनात रंगले आणि सगळे कापड त्यांनी तेथील धोंड्यांना उधार देऊन टाकले. भक्तीचा महिमा सांगणारी ही कथा आहे. परंतु तिच्यात त्या काळच्या व्यवहाराचेही एक चित्र आहे. शिंप्याच्या घरात शिलाई आणि कापडविक्री ही दोन्ही कामे चालत. मुलगा घरी सुई धरायला शिके आणि बाजारात माप घालायला. उधारीचा प्रश्नही त्याच बाजारात त्याच्यापुढे उभा राही.

शिंपी समाजातील अनेक घराण्यांनी पुढील काळातही हे दोन्ही व्यवसाय सांभाळले. कारण उघड आहे. अंगरखा असो वा बाराबंदी, किती कापड लागेल हे शिवणाराच अचूक सांगू शकतो. ज्याला कापड बेतता येते, त्याला कापड विकत घेताही येते. ‘बेतणे’ या एका क्रियापदात मोजणे, योजणे आणि कापणे या तिन्ही क्रिया सामावल्या आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुण्यातील वाटचाल

जुन्या पुण्याची रचना व्यवसायानुसार झालेली होती. कसब्यात तांबट आळी होती, तशी शिंपी आळीही होती. घाऊक कापडाचा व्यवहार रविवार पेठेतील कापडगंजात एकवटला. पुढे लक्ष्मी रस्ता किरकोळ कापडविक्रीचे प्रमुख केंद्र झाला आणि स्त्रियांच्या किरकोळ खरेदीसाठी तुळशीबाग प्रसिद्धीस आली. थानातून कापलेले कापड, त्याला लागणारे अस्तर, दोरा, बटणे आणि शिवून देणारा हात हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध असणे, हे या शहराचे वैशिष्ट्य ठरले.

कापडाच्या दुकानाला पुण्यात सार्वजनिक कार्याचेही परिमाण लाभले. सार्वजनिक काका या नावाने ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी (१८२८-१८८०) हे १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे प्रमुख कार्यकर्ते होते. त्यांनी १८७२ साली स्वतः कातलेल्या सुताची वस्त्रे वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्याच पोशाखात उपस्थित राहिले. देशी मालाची विक्री करणारी दुकाने काढण्यासही त्यांनी चालना दिली. पुढे ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. विदेशी कापड टाकून द्यावयाचे, तर देशी कापड लोकांना मिळाले पाहिजे आणि ते शिवून देणारे हातही हवेत, ही जाणीव त्या चळवळीने रुजविली.

शिवणकामाला शिक्षणाची जोड देण्याचे श्रेय स्त्रीशिक्षणाच्या संस्थांकडे जाते. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन संस्था सुरू झाली. तेथे स्त्रियांना साक्षरतेबरोबर शिवणकामाचेही शिक्षण मिळू लागले. विधवा आणि निराधार स्त्रियांच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची होती. तोपर्यंत शिलाई हा बहुतांशी विशिष्ट घराण्यांचा व पुरुषांचा व्यवसाय होता. आता तो कोणत्याही घरातील स्त्रीच्या उपजीविकेचे साधन होऊ शकतो, हे समाजाला दिसू लागले.

शिवणयंत्र घरात येते

अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढील अर्धशतकात हे यंत्र जगभर पसरले आणि भारतातही आले. यंत्रांच्या अतिरेकाला विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले होते. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगर यांनी हे यंत्र केले, असे गांधीजींनी त्या वेळी नमूद केले. मनुष्याचे श्रम हलके करणारे आणि त्याचा हात निकामी न करणारे साधन म्हणून त्यांनी त्याचा गौरव केला. १९३० च्या दशकात कलकत्ता येथे उषा शिवणयंत्रांची निर्मिती सुरू झाली आणि हे साधन मध्यमवर्गीय घरांच्या अधिक जवळ आले.

वाड्यातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात खिडकीजवळ ठेवलेले यंत्र हे विसाव्या शतकातील पुण्याच्या गृहजीवनाचे परिचित दृश्य होते. नव्या बाळासाठी झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी, मुलींसाठी परकर-पोलके, मुलांसाठी शाळेचे सदरे, सणासाठी खणाची चोळी असे सर्व काही घरात शिवले जाई. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी शिवणे, हे तर यंत्र नसलेल्या घरातही चाले. उरलेल्या चिंध्यांचाही उपयोग होई. कशाचा तरी बटवा, कशाची तरी पिशवी होत असे.

या कामातून घरातील मुलीला एक अबोल शिक्षण मिळे. प्रथम सुईत दोरा ओवणे, मग काज-बटण, मग हातशिलाई, त्यानंतर यंत्रावर सरळ शिवण आणि सर्वांत शेवटी कात्री. कात्री सर्वांत शेवटी हातात देण्यामागे अर्थ होता. चुकीची शिवण उसवता येते. चुकीचे कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. म्हणूनच कात्री हाती येणे हे विश्वासाचे प्रमाणपत्र मानले जाई.

हातांना असलेले ज्ञान

अशा घरात वाढलेल्या व्यक्तीला कापडाचे जे ज्ञान असते, ते दुकानातील नोकराला अनेक वर्षांनीही सहजासहजी येत नाही. या ज्ञानाचे काही घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला घटक धाग्याच्या दिशेचा. कापडात ताणा आणि बाणा असतात. उभ्या धाग्यावर बेतलेले वस्त्र आकार धरून राहते. तेच कापड उरेप कापले तर ताणले जाते. गळ्याच्या व बाहीच्या पट्टीला उरेप कापडच लागते. हे ज्याला ठाऊक आहे, तो ग्राहकास किती कापड घ्यावे हे नेमके सांगतो.

दुसरा घटक आटण्याचा. सुती कापड धुतल्यावर आटते. अस्तर न भिजविता ब्लाऊज शिवला तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटून वरचे कापड चुणते. शिवणारा हा धडा एकदा शिकला की विसरत नाही. तो विक्रेता झाला तर ग्राहकाला आधीच सावध करतो.

तिसरा घटक ओळखीचा. धाग्याचा लहानसा तुकडा सुरक्षितपणे जाळून पाहिला असता सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम वा लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. रेशमाच्या नावाखाली कृत्रिम धाग्याचे कापड घेण्यापासून हे साधे परीक्षण दुकानदाराला वाचविते.

चौथा घटक पन्ह्याचा व मापाचा. समजा, २० मीटरच्या एका थानातून ब्लाऊजचे तुकडे काढावयाचे आहेत. प्रत्येकी १ मीटर कापला तर २० तुकडे होतील. पन्हा व नक्षी पाहून ८० सेंटिमीटरमध्ये काम भागते हे ज्याला कळते, तो त्याच थानातून २५ तुकडे काढील. नफ्याचा हा भाग व्यापारी चातुर्यातून नव्हे, तर बेतण्याच्या कौशल्यातून येतो.

मजुरी आणि माल

एवढे ज्ञान असूनही शिवणारी व्यक्ती बहुधा मजुरीवरच राहते. याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. ग्राहक कापड दुसरीकडून आणतो आणि शिवण्यासाठी देतो. शिवणाऱ्यास मिळते ती केवळ मजुरी. हात चालतील तोवर ती मिळते. आजारपण, बाळंतपण वा दृष्टी मंदावणे यांपैकी काहीही घडले की ती थांबते.

उदाहरणादाखल असे धरू की, एक शिवणकाम करणारी स्त्री महिन्याला ६० ब्लाऊज शिवते. त्याच ग्राहकांनी कापड व अस्तर तिच्याकडूनच घेतले आणि प्रत्येक नगामागे तिला ४० रुपये सुटले, तर महिन्याला २,४०० रुपयांची भर पडते. यासाठी तिला एकही जादा टाका घालावा लागत नाही. शिवाय शिवून न घेता केवळ कापड घेणारे ग्राहकही हळूहळू येऊ लागतात. दुकानाची सुरुवात बहुतेक घरांत अशीच झालेली आढळते. प्रथम अस्तर आणि दोरा, मग ब्लाऊजपीस, मग परकराचे कापड आणि काही वर्षांनी रस्त्यालगतचा गाळा.

शिवणयंत्राचे वाटप करून योजना पूर्ण झाली असे मानण्यातील उणीव येथे स्पष्ट होते. यंत्रामुळे मजुरी मिळते. व्यवसायाची पायरी मात्र माल हाती आल्याखेरीज गाठता येत नाही.

तयार कपड्यांचे आव्हान

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचे महत्त्व झपाट्याने ओसरले आणि इचलकरंजी, भिवंडी व मालेगाव येथील यंत्रमागांच्या कापडाचा वाटा वाढत गेला. गिरणीच्या कापडावर गिरणीचे नाव छापलेले असे आणि ग्राहक त्या नावावर विसंबून राही. यंत्रमागाच्या मालात प्रतीचे अनेक प्रकार असल्याने विक्रेत्याच्या स्वतःच्या पारखीला अधिक महत्त्व आले.

याच सुमारास तयार कपड्यांची बाजारपेठ विस्तारत होती. पुरुषांचे सदरे, मुलांचे कपडे आणि पुढे स्त्रियांचे पोशाखही शिवून घेण्याऐवजी विकत घेतले जाऊ लागले. घरोघरची शिवणयंत्रे झाकणाखाली गेली. आता तर खरेदी दूरध्वनीच्या पडद्यावरून होते. या बदलात अनेक लहान कापडदुकाने मागे पडली आणि शिंप्याच्या घरातील पुढची पिढी अन्य नोकऱ्यांकडे वळली. हे नुकसान केवळ उत्पन्नाचे नाही. जे ज्ञान पुस्तकात नाही व हातातच आहे, ते एका पिढीत नाहीसे होऊ शकते.

तथापि, सर्वच क्षेत्र हातचे गेले असे म्हणता येणार नाही. साडीवरील ब्लाऊज आजही अंगाच्या मापानेच शिवावा लागतो. खणाच्या कापडाला नव्या पिढीत पुन्हा मागणी आली आहे आणि त्याचे पोशाख, पिशव्या व गृहशोभेच्या वस्तू होऊ लागल्या आहेत. गोधडीही शहरी घरांत कौतुकाने वापरली जाते. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जेथे माप, सल्ला आणि पारख यांची गरज आहे, तेथे सुई जाणणाऱ्या दुकानदाराला अजूनही स्थान आहे.

दुकान उघडण्यापूर्वी

शिवणकामातून कापडविक्रीकडे वळताना काही गोष्टींची काळजी घेणे आवश्यक ठरते. त्यांतील पहिली गोष्ट उधारी. नामदेवांच्या कथेतील धोंडा अखेर सोन्याचा झाला. व्यवहारात तसे घडत नाही. ओळखीच्या व नात्याच्या ग्राहकांत उधारी नाकारणे अवघड जाते आणि मालाचे भांडवल त्यातच अडकते. उधारीची मर्यादा प्रथमपासून ठरवून ती वहीत लिहिली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट पडून राहणाऱ्या मालाची. कापड नासत नाही, या समजुतीने अनेक जण प्रारंभी भरमसाट खरेदी करतात. पण रंग व नक्षी यांची चलती संपली की तोच माल ओझे होतो. अस्तर, पांढरे व काळे सुती कापड, परकराचे कापड असा सदैव खपणारा माल अधिक आणि हंगामी माल थोडा, हे प्रमाण सुरुवातीस हितावह असते. उरलेल्या तुकड्यांची गोधडी वा पिशवी करण्याची घरातील जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. शिलाईची मजुरी आणि कापडाची विक्री यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या, तरच दुकान खरोखर नफ्यात आहे किंवा शिलाईच्या कमाईवर तगून आहे हे कळते. अनेक घरांत रात्री जागून केलेली शिलाई दुकानाचा तोटा भरून काढीत असते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

चौथी गोष्ट नियमांची. कापड मीटरनेच मोजले पाहिजे. नऊवारी या नावात ‘वार’ टिकून असला, तरी नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर होतात, हे ग्राहकास सांगता आले पाहिजे. विक्रीसाठी वापरावयाच्या मीटरपट्टीची वैधमापन विभागाकडून पडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. जोडीला शिलाईची सेवाही दिली जात असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी केव्हा लागते, हे जाणकाराकडून आधीच समजून घ्यावे.

अर्थसाहाय्याच्या दृष्टीने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात प्रतिदिनी ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रूपरेषा आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ घेता येतो. ही योजना हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे, केवळ विक्रेत्यासाठी नाही. म्हणूनच शिवणकाम चालू ठेवून विक्री वाढविणाऱ्या घराला ती अधिक उपयुक्त ठरते. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होत असल्याने सरपंच व सदस्यांची जबाबदारी येथे मोठी आहे.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांमार्फत शिवणयंत्रे देण्याच्या योजना अनेक वर्षे राबविल्या गेल्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतूनही शिवणकामाचे अभ्यासक्रम शिकविले जातात. या प्रयत्नांना पुढच्या पायरीची जोड मिळणे आवश्यक आहे. यंत्राबरोबर कापडाची पारख, घाऊक खरेदीची पद्धत आणि जमाखर्च यांचे थोडे शिक्षण दिले, तर लाभार्थी स्त्री मजुरीपुरतीच मर्यादित राहणार नाही. चार-पाच गावांतील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी एकत्र येऊन कापडगंजासारख्या घाऊक बाजारातून अस्तर व सुती कापड खरेदी केले, तर प्रत्येकीला ते स्वस्त पडेल.

शालेय गणवेश हे याचे जवळचे उदाहरण आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यात गणवेशाचे कापड एकत्रितपणे पुरवून शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या माध्यमातून बचतगटांकडे देण्यात आले होते. त्या व्यवस्थेत कापड वरून येत असल्याने स्थानिक शिवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास मजुरी आली. २०२५-२६ पासून गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. शाळेजवळ कापड आणि शिलाई दोन्ही देणारे दुकान असेल, तर कापडाचा नफा व शिलाईची मजुरी एकाच घरात जाऊ शकते. प्रत आणि किंमत यांची नियमानुसार खात्री करून समित्यांनी अशा स्थानिक पुरवठ्याचा विचार करावा, हे उचित होईल.

शिक्षकांना आणखी एक कार्य करता येण्यासारखे आहे. कार्यानुभवाच्या तासात विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील आजी, आई वा आजोबा यांच्याकडून एक टाका शिकून यावा आणि तो कशासाठी वापरतात हे लिहून काढावे. मुलींबरोबर मुलांनाही हा पाठ द्यावा; शिंप्याच्या परंपरेत सुई ही कधीच केवळ स्त्रियांची नव्हती. एका कापडाच्या तुकड्यावर मापन, क्षेत्रफळ, टक्केवारी आणि जमाखर्च हे गणिताचे चार पाठ सहज घेता येतात.

पुण्याच्या पेठांतील जुन्या दुकानदारांपैकी अनेकांचे भांडवल तिजोरीपेक्षा त्यांच्या बोटांत अधिक होते. कापड हातात घेताच त्याची जात, पोत आणि उपयोग त्यांना कळे, कारण ते किंवा त्यांचे आईवडील कधीतरी शिवणयंत्रापाशी बसलेले होते. हे भांडवल आज खेड्यापाड्यांतील असंख्य घरांतही आहे. कर्जाच्या अर्जात त्याचा रकाना नसतो आणि मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद होत नाही. गावातील अशा हातांची नोंद घेणे आणि त्यांना सुईबरोबर गजही हाती धरता येईल अशी संधी मिळवून देणे, हे ग्रामविकासाच्या कामाचे एक लहान पण आवश्यक अंग मानले गेले पाहिजे.